सातवे बदक

सकाळचे कोवळे ऊन गॅलरीच्या गजांतून हळूहळू आत सरकले. आधी फरशीवर, मग उघड्या लाकडी पेटीच्या कडेवर, आणि शेवटी पत्र्याच्या सात बदकांवर येऊन थबकले. त्यांचा उडालेला रंगही क्षणभर निर्मळ भासला.

बाबांचा जत्रेतला हा नेमबाजीचा खेळ निरंजन तीन महिने घरी दुरुस्त करत होता. सातही बदके पाडणाऱ्याला भिंतीवरचे घड्याळ मिळे; पण सातवे कधीच पडत नसे. शेवटी लोकांनी बाबांना लबाड ठरवून भर जत्रेत मारहाण केली. दोष केवळ गंजलेल्या स्प्रिंगचा होता, हे निरंजनला सिद्ध करायचे होते.

"अजून खेळतोयस? भंगारात घाल म्हटलं होतं ना?" दारातून दादा खेकसला.

"नवी स्प्रिंग टाकलीय. बघच." निरंजनने चाप ओढला. छर्रा सातव्या बदकावर टणकन आदळला. ते हललेही नाही.

दादाने पेटीत बॅटरी मारली. "ती बिजागरी बघ, शहाण्या. गंज नाही, डाग दिलाय तो. कथील वितळवून बिजागरी जाम केलीय, बदक पडूच नये म्हणून. बदक मी धरलं होतं, डाग बाबांनी दिला."

"खोटं! तुला त्यांचं नाव काळंच करायचंय."

"मग तेवढंच घासायचं कसं राहिलं?"

निरंजनने बिजागरीवरून बोट फिरवले. पेटीतला कण न् कण त्याने पॉलिशपेपरने घासला होता. बिजागरीवरचा तो डाग मात्र पहिल्याच दिवशी दिसूनही त्याने त्याला हात लावला नव्हता.

बाबा लोकांना फसवत होते.