चार बोल्ट

पिठाच्या बंद पडलेल्या गिरणीत आता संग्रहालय होणार होतं. दाराशी टेबल टाकून एक तरुण बाई लोकांनी आणलेल्या वस्तू लिहून घेत होती. म्हातारा मिस्त्री रुमालाची पुरचुंडी मुठीत धरून आत आला आणि टेबलासमोर कोण उभं आहे ते पाहून जागीच थबकला. गिरणीच्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेलेल्या हमालाची बायको होती ती.

"या मिस्त्री," ती बाजूला सरकत म्हणाली. "तुमचं उरका आधी. तुमचे गुडघे काही आजचे नाहीत."

"नको वहिनी. तुमचं होऊ द्या."

वहिनींनी पिशवीतून एक कापडी टोपी काढली. "ह्यांची. मी धुतली नाही कधी. शिवणीत पीठ आहे अजून."

"वा! मग ही नोंदवहीशेजारीच शोभेल," टेबलामागची बाई हरखून म्हणाली आणि तिने कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे बोट केलं. पेटीत अपघातांची नोंदवही उघडून ठेवली होती. मागे भिंतीला पट्ट्यावरची हिरवी लोखंडी जाळी टेकवलेली होती.

वहिनींचा चेहरा उतरला. "कुठेही ठेवा बाई, पण त्या पानाजवळ नको. नातवंडं येतील बघायला. वाचता येतं त्यांना."

ते पान मिस्त्रीला तोंडपाठ होतं. 'जाळी मयताने स्वतःच काढली होती. तिचे बोल्ट शोधूनही सापडले नाहीत.' खाली मॅनेजरची सही, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून मिस्त्रीची. मेलेल्याला तोंड नसतं. ज्याला होतं, तो एकतीस वर्षं मूग गिळून बसला होता.

पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावायची, तीही चालत्या पट्ट्याला, हा त्या गिरणीचा रिवाजच होता. दहा मिनिटांच्या कामासाठी यंत्र थांबवलं असतं तर मॅनेजरने आकाशपाताळ एक केलं असतं. म्हणून जाळी काढायची, बोल्ट खिशात टाकायचे, राळ लावून जाळी परत बसवायची. त्या दिवशी मधेच कुणीतरी वरच्या मजल्यावरून हाक मारली होती.

"काका, तुम्ही काय आणलंत?"

'काही नाही, सहज आलो होतो,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मिस्त्रीने ते गिळले आणि रुमालाची गाठ सोडली. चार बोल्ट टेबलावर घरंगळले. त्यांच्या डोक्यांवर जाळीचाच हिरवा रंग होता.

"हे कशाचे हो?" बाईने विचारलं.

वहिनींनी बोल्ट पाहिले. मग जाळीच्या चार कोपऱ्यांतली चार रिकामी भोकं पाहिली.

"माझ्या खिशात होते, वहिनी," मिस्त्री म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "जाळी मी काढली होती, आणि हाक आली म्हणून तशीच उघडी टाकून वर गेलो. त्याला ठाऊकही नव्हतं."

वहिनींनी एक बोल्ट उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला. अंगठा तेलकट झाला.

"गंज नाही चढला."

"तेल लावत आलो. दर वर्षी, त्याच तारखेला." मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलं नाही, आणि वहिनींनीही त्याला रडू नका म्हटलं नाही.

"जाळी काढलीत तो एकच दिवस होता, मिस्त्री," त्या हळू म्हणाल्या. "तेल मात्र एकतीस वेळा लावलंत, आणि एकदाही सांगायला आला नाहीत."

बोल्ट त्यांनी उरलेल्या तिन्हींशेजारी नीट ठेवला आणि टेबलामागच्या बाईकडे वळल्या.

"टोपी त्या पानाजवळच ठेवा, बाई, आणि हे बोल्टही. नातवंडांना मीच घेऊन येते."