उतरलेला खांदा

"या साइटचं काही खरं नाही," म्हणत शिंपीकाकांनी मोबाईलवाल्याच्या काउंटरवर फोन आपटला. "नको त्या जाहिराती दाखवते, कुणाकुणाची लग्नं दाखवते. माझ्या लेकीचे फोटो मात्र दिसेनासे झालेत. आधी रोज दिसायचे."

"काका, सेटिंगमध्ये काही बदललंत का?"

"मी कशाला हात लावतोय? फोटो आला की खाली दोन शब्द लिहायचो, एवढंच. खांदा उतरलाय, बाही ओढतेय, घेऊन ये, नीट करून देतो. तयार कपडे घेते ना ती, कसेही शिवलेले. शिंप्याच्या लेकीने चारचौघांत असं दिसावं?"

नाव विचारून मोबाईलवाल्याने स्वतःच्या मोबाईलवर तिला शोधलं. सकाळचाच फोटो होता. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या घोळक्यात ती मनापासून हसत होती. साइट बिचारी ठीक चालू होती. लेकीनेच बापाला ब्लॉक केलं होतं. त्याने घाईघाईने मोबाईल पालथा ठेवला.

"कंपनीच भिकार आहे, काका. सगळ्यांचीच बोंब आहे."

"तरीच," काका म्हणाले. फोन खिशात टाकून ते निघाले, पायरीपाशी थांबले, पण मागे वळले नाहीत.

"तुला दिसला ना फोटो? मग एवढंच सांग. खांदा आता नीट बसलाय का?"