थांबण्याचा निरोप

"पाणी. पाणी. पाणी," फोन म्हणतच राहिला. अल्सीदचं पाणी पिऊन झालं होतं, त्यानं पडद्यावर चित्रांची दुसरी पाटीही उघडली होती, तरीही.

ओदीलनं बापाच्या हातून फोन घेतला आणि लॅपटॉपला जोडला. पक्षाघातानं त्याची वाचा गेली तेव्हा हे अ‍ॅप तिनंच लिहिलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलायचा, आणि पाटी बदलेपर्यंत बोलत राहायचा. पण गेल्या आठवड्यात शेडियाक गावच्या चर्चच्या हॉलमध्ये, ऐन पत्त्यांच्या डावात, फोन गप्पच होईना. "अरे, याला अख्खा समुद्र पाजा रे!" डावातला भिडू रेजाँ म्हणाला. सगळे हसले. अल्सीदही हसला, आणि घरी येऊन त्यानं फोन ड्रॉवरमध्ये टाकला. आज ओदीलनं तो बळेच बाहेर काढायला लावला होता.

लॅपटॉपवर फोनच्या कामाच्या नोंदी सरकू लागल्या. नवी पाटी लगेच उघडत होती. जुनीला 'थांब' हा निरोप मात्र चांगला दहा सेकंदांनी पोचत होता. ओदीलनं नव्या पाटीतली एकेक गोष्ट काढून पाहिली. शब्दांची चित्रं काढली, रंग काढले. काही फरक नाही. कोपऱ्यात शोभेला ठेवलेलं दीपगृह काढलं, आणि आवाज जागच्या जागी थांबला.

ती कपाळाला हात लावून बसली. जुन्या पाटीची आवराआवर, तिचा आवाज बंद करणंही, फोन हात मोकळा झाला की करतो. या दीपगृहाचा दिवा अखंड फिरायचा. फोनला उसंत मिळणार कुठून? बापाला गंमत वाटावी म्हणून तिनंच ते अलीकडे रंगवलं होतं.

"पपा, हे काढावं लागेल. हेच तुझे शब्द अडवतंय."

अल्सीदनं जोरजोरात मान हलवली. नको.

"बरं बाबा, चित्र राहू दे. नुसता दिवा फिरायचा थांबवते. चालेल?"

त्यानं जरा विचार केला. चालेल.

तिनं फोन त्याच्या हातात दिला. "हं, बोल."

त्याचा अंगठा माणसांच्या पाटीवर टेकला. "ओदील. ओदी–" त्यानं पाटी बदलली. शांतता. शेगडीवरचा रस्सा रटरटताना ऐकू आला.

मग त्यानं ताटाचं चित्र दाबलं. "जेवायचंय. जेवायचंय."

ते बटण तिनं त्याच्या भुकेसाठी केलं होतं. "वाढते हं," म्हणत ती उठली.

अल्सीदनं नको म्हणून मान हलवली. तिच्याकडे बोट दाखवलं, आणि मग त्याच धड हातानं शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढून दिली.