मुलगी वेळेवर येते

"शलाका, हे अमेरिकेतल्या विद्यापीठाला पाठवायचं शिफारसपत्र आहे, की भाडेकरूला दिलेला दाखला?" नाफडेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

कॉलेजात रीतच अशी, की पत्र विद्यार्थ्याने लिहून आणायचं आणि प्राध्यापकांनी खाली सही ठोकायची. तीन दिवस डोकं खाजवून शलाकाने बाईंच्या वतीने स्वतःबद्दल लिहिलं होतं, 'मुलगी बरी आहे. वेळेवर येते.' आपलेच गोडवे गायला तिचं पेन काही केल्या धजेना. आणि अर्जाची मुदत तर आजच संपत होती.

"गच्चीवरची दुर्बीण दोन वर्षं बंद होती. कुणी दुरुस्त केली?"

"मी. पण बाई, एक स्क्रूच तर ढिला होता."

"आणि गावोगावच्या पोरांना शनीची कडी कुणी दाखवली?"

"मीच. पण शनी काय, होताच की तिथे!"

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर उतरवला, कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन पानं स्वतःच खडखडा टाइप केली. वाचताना शलाकाचे कान लाल झाले. अशी मुलगी तिला स्वतःलाच भेटावीशी वाटली. पत्र गेलं तेव्हा मुदतीचा तासभर शिल्लक होता.

मग बाईंनी खणातून एक कागद काढून हळूच तिच्यापुढे सरकवला. त्यांच्या बढतीचा अर्ज. सगळा भरलेला, फक्त 'आपली उल्लेखनीय कामगिरी' हा रकाना वर्षभर कोरा.

"मीसुद्धा 'वेळेवर येते' एवढंच लिहिणार होते," बाई पुटपुटल्या.

शलाकाने पेनाचं टोपण काढलं. "बाई, जादा पानं जोडली तर चालतील ना?"