काचेला तोंड लावणारा

देशभरातल्या जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो रोज तिच्या संगणकावर येऊन पडत. अस्वल, लांडगा, साळिंदर, ज्याचं त्याचं नाव टाकायचं; माणूस दिसला की फोटो काढून टाकायचा, असा नियम. एका कोरड्या रानातल्या म्हाताऱ्या वनरक्षकाने मात्र तिचं डोकं उठवलं होतं. रोज कॅमेऱ्याच्या अगदी काचेला तोंड. “याला दुसरा उद्योग नाही का?” म्हणत तिने शेवटी त्याची तक्रार लिहायला घेतली.

तेवढ्यात साहेब आले. “त्या म्हाताऱ्या वनरक्षकाच्या कोरड्या रानात यंदा सगळ्यात जास्त प्राणी दिसलेत. तिथे पाणी कुठून आलं?”

तिने काढून टाकलेले फोटो परत आणले आणि पहिल्यांदाच ओळीने पाहिले. म्हातारा सायकलवरून पाण्याचे दोन कॅन आणतो, खड्ड्यात ओततो आणि जाताना रुमालाने कॅमेऱ्याची काच पुसतो.

तक्रारीचा कागद फाडून तिने दुसरा घेतला.

“काका, पुढच्या वेळी काच पुसून झाली की चार पावलं मागे जाऊन उभे राहा. प्राण्यांच्या अहवालात पहिल्या पानावर तुमचा फोटो घ्यायचाय.”