एकाहत्तर गोळ्यांचा डबा

"बसत नाही," कुल्याश म्हणाली.

"मग बसवा. कानस कशाला ठेवलीय?"

अकीम झान्दोस दारातच उभा होता. अकीम म्हणजे मोठा साहेब, अख्खा तालुका त्याच्या हाताखाली, पण आत यायची सोय नव्हती. जमिनीवर रॉकेल सांडलेलं आणि बूट नवे.

उद्या नऊ मे. जर्मनांशी महायुद्ध जिंकल्याला साठ वर्षं. शहरातून टीव्हीवाले येणार होते. चौकात वीर तुर्सिनच्या पुतळ्यासमोर एक सैनिक तुर्सिनचीच बंदूक उंचावणार आणि गोळ्यांचा गोल डबा तिला खटकन लावणार, असं ठरलं होतं. एवढी वर्षं बंदूक आणि डबा संग्रहालयात काचेखाली वेगवेगळे पडून होते. लावून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कुल्याशनं फेब्रुवारीत डबा उघडायला घेतला. आतली स्प्रिंग गंजून एकजीव झालेली. आठवडाभर रॉकेलात बुडवून ठेवला तेव्हा कुठे झाकण हललं. स्प्रिंग सुटी केली, घासली, तेल दिलं, परत भरली. चावी फिरवली की कुर्र कुर्र वाजायला लागली. कारखान्यात तीस वर्षं फिटर होती ती. रिटायर झाल्यावर संग्रहालयाची जुनी हत्यारं तिच्याकडेच यायची.

खरा ताप रंगाचा होता. दर नऊ मेला गावात सगळं रंगवायची पद्धत. कुंपण, तोफ, पुतळ्याचा चौथरा, आणि उरलेला हिरवा रंग ह्या डब्याला. थरावर थर. ते खरवडले तेव्हा खाली नंबर दिसला.

तुर्सिनच्या बंदुकीचा नंबर वेगळा होता.

त्या काळी प्रत्येक डबा एकाच बंदुकीसाठी घासून बसवायचे. दुसरीला लागायचा नाही. म्हणून तर बंदुकीचा नंबर डब्यावर कोरायचे.

"लढाईत इकडचं तिकडे होतं, आपा," अकीम म्हणाला.

"होऊ दे ना. पण तुर्सिन काय सांगायचा? मी एकट्यानं नदीकाठ धरला, डबा रिकामा होईपर्यंत गोळ्या झाडल्या. पुरावा म्हणून हाच डबा दाखवला. मग बंदुकीला लागतच नाही त्या डब्यातून झाडल्या कशा?"

अकीमनं बूट रॉकेलापासून मागे घेतला.

कोपऱ्यात दुसरी बंदूक होती, गंजानं अर्धी खाल्लेली. गेल्या शरद ऋतूत रशियातून आलेली. त्याच नदीकाठी कुणी खणत होतं, त्यांना हाडं सापडली. शेजारी ही बंदूक, डब्याशिवाय. हाडांजवळ सैनिकाच्या ओळखीची नळी होती, आत येराली नावाची चिठ्ठी. येराली ह्याच गावचा, तुर्सिनच्याच तुकडीतला. लढाईत गायब झाला. पळाला, असं तुर्सिननं सांगितलं आणि गावानं मानलं. घरच्यांना पेन्शन नाही, चौकातल्या दगडावर नाव नाही. हाडं आली तेव्हाही स्टेशनवर कचेरीतून कुणी गेलं नाही. कुल्याश गेली आणि तिची मैत्रीण मारझान. दोघींनी पेटी उतरवून घेतली. कबरस्तानाच्या पार कडेला पुरलं, नावाशिवाय.

कुल्याशनं डबा उचलला आणि त्या गंजक्या बंदुकीला लावला. खट्. एका झटक्यात बसला.

"नंबर वाच," ती म्हणाली. "वाकायला लागेल जरा."

अकीम वाकला नाही. घसा खाकरून म्हणाला, "मला काय हवंय तुम्हाला माहितीय. दोन हात कानस मारा, वरून रंग द्या."

"नाही मारणार."

"शहरातून फिटर आणतो."

"आण. त्यालाही नंबर वाचता येतो."

अकीमनं आवाज खाली आणला. "आपा, निदान बापाचा तरी विचार करा."

"त्याचाच करतेय. आयुष्यभर तेच केलंय."

शेवटी अकीम म्हणाला की बंदूक डब्याशिवायच उंचावू, लांबून कुणाला कळतंय. उद्या तमाशा नको, एवढं तीन वेळा सांगून तो गेला.

मारझान आतल्या खोलीत होती. सगळं ऐकलं होतं तिनं. दुधाचा चहा आणि तळलेल्या पिठाचे गोळे, बाउरसाक, घेऊन बाहेर आली.

"घे. तुझ्या हाताला रॉकेल, चहाला रॉकेल. पेटशील एक दिवस."

"पेटलेच आहे."

"सोड गं आता. साठ वर्षं गेली. मेलेल्यांना काय फरक पडतो?"

"आपल्याला पडतो."

दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. 'पळपुट्याची पोर' ही हाक त्या बाकानं आठ वर्षं ऐकली होती. मारझान त्यावर कधी बोलायची नाही. आत्ताही नुसता बाउरसाक पुढे सरकवला.

"दगडावर येरालीचं नाव आलं पाहिजे," कुल्याश म्हणाली. "बास. मला दुसरं काही नकोय."

"अन् तुर्सिनचा पुतळा?"

"तो राहील नाहीतर पडेल. मला कुठे त्याला धरून उभं राहायचंय?"

दुसऱ्या दिवशी चौक गच्च भरला. बँड झाला, फुलं झाली. सैनिकानं बंदूक उंचावली, डब्याशिवाय. कुणाला कळलं नाही. कॅमेरा पुतळ्यावरून खाली आला. अकीमनं हातातला कागद बघितला, पुढची ओळ गाळावी असं त्याला वाटलं. पण कार्यक्रमपत्रिका छापून गावभर वाटलेली होती, आणि दरवर्षीची पद्धत मोडली असती तर टीव्हीवाल्यांनी कारण विचारलं असतं.

"आता," तो माइकमध्ये म्हणाला, "दरवर्षीप्रमाणे वीर तुर्सिन यांच्या कन्या दोन शब्द बोलतील."

कुल्याश उठली आणि येरालीच्या पोरीचा, मारझानचा, हात धरून पायऱ्या चढायला लागली.