जवळचं कॉलेज

दोन सरकारी कॉलेजांपैकी एक पाचच्या आत नक्की करायचं होतं. लेकीला कडेवर घेऊनच तिने नवऱ्यासमोर मोबाईल धरला.

“जवळचं घे,” तो म्हणाला. “लांबच्याचा खर्च काय तुझा बाप देणार?”

“तिथे माझी फी माफ झालीय. बसचा पास सवलतीत मिळतो, कॉलेजातच पाळणाघर आहे. सगळं धरून लांबचंच स्वस्त पडतंय.”

“फार शहाणपणा नको. जवळचंच.”

“अरे, तिथून शिकलेल्या शंभरातल्या दहा जणींनाही नोकरी लागत नाही! आणि लांबच्यातून ऐंशी जणींना लागते. तू निदान आकडे तरी बघ.”

तो पहिल्यांदाच हसला.

“कालच बघितले, चांगले दोनदा. म्हणूनच तर सांगतोय.”